अठरा नंबरचं घर

९ जानेवारी २००७, अमरावती

शनिवारी दुपारी वसतिगृहाच्या गच्चीवर चादरींच्या घड्या घालायचं काम माझ्याकडे आणि गजालाकडे असायचं. दोरीवरची चादर काढायची, दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. ताणायची, झटकायची, आणि एकमेकींकडे चालत यायचं. टोकाला टोक लागलं की पुन्हा मागे. उन्हात वाळलेल्या कापडाचा कोरडा वास, खाली कुणीतरी पियानोवर तेच ते सूर गिरवतंय. अशाच एका घडीत समोरासमोर आल्यावर गजाला म्हणाली, "मोना, म्हाताऱ्या झालो का शेजारी-शेजारी राहू. मंधात भित एकच." मी "हो" म्हटलं आणि माझी टोकं तिच्या हातात दिली. आम्ही बारा वर्षांच्या होतो.

आज सामान बांधताना डबलची चादर एकटीने घडी करत होते. एक टोक दाराच्या कडीत अडकवावं लागलं. तेव्हा हे आठवलं.

उद्या कॅम्पातलं हे घर सोडायचं. हे गेल्याला तीन वर्षं झाली. एवढ्या खोल्यांत माझा आवाज मलाच परका वाटतो. नितेशने पुण्याहून सगळं ठरवलं. अकोल्याच्या पुढे दर्यापूर रस्त्यावर निवृत्त लोकांसाठी नवी वसाहत झाली आहे, नाव सायंबन. चहूबाजूंनी भिंत, फाटकावर पहारा, आत डॉक्टर, वाचनालय. माझं घर सतरा नंबरचं. "आणि माणसं आपल्यासारखी आहेत गं आई, निवडून घेतात," नितेश म्हणाला. मला बरं वाटलं, मी निवडली गेले म्हणून.

पण खरा आनंद वेगळाच आहे. सतराला लागून असलेलं अठरा नंबरचं घर रिकामं आहे. मधली भिंत एकच. आणि गजालाला उन्हाळ्याच्या आत घर हवंच आहे.

१० जानेवारी, सायंबन

अकोला सोडलं की झाडं हळूहळू विरत जातात. मग नुसती सपाट काळी जमीन, क्षितिजापर्यंत, आणि वर आभाळ. हा खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी मिठाचं. ते ना पिकाला चालतं ना माणसाला. मधूनच पांढरी खपली दिसते, जणू कुणी रांगोळी सांडून निघून गेलंय. दुपारच्या वेळी दूरवर भिंत दिसली ती तरंगतच होती. मी डोळे चोळले. भिंत खाली उतरली, मग फाटक आलं.

आत खजुराची झाडं लावली आहेत, रस्त्याच्या दुतर्फा. खाऱ्या मातीत दुसरं काही जगत नाही म्हणे. संध्याकाळी त्यांच्या सावल्या लांब होऊन माझ्या ओट्यापर्यंत आल्या. वाटलं, लहानपणी बायबलच्या चित्रांत पाहिलेल्या देशात आले आहे.

फाटकावरच्या माणसाचं नाव चंद्रभान. पन्नाशीचे असतील. माझी ट्रंक त्यांनीच आत ठेवली. खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, "इथं तूर होती, बाई. अन् तुमचं न्हाणीघर हाये ना, तिथं धुरा, म्हंजे बांध."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मायंच वावर होतं."

मी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. ते मात्र हसले. "आता तुमी आल्या. रिकामं पडलं राह्यण्यापेक्षा बरं. कापूस तीन साल झाला नाई, पोरं सुरतेले गेली, म्या इकून टाकलं. पयले या वावरातून ढोरं हाकलत होतो, आता मानसं हाकलतो."

मग टोपी नीट करून फाटकाकडे गेले.

१६ जानेवारी

सोळा नंबरच्या दुर्गाबाई दोनदा येऊन गेल्या. यवतमाळच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. आवाज तसाच, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. पहिल्या दिवशी वाटीभर झुणका आणला, मी वाटीत तिळाच्या वड्या घालून परत केली. दुसऱ्या दिवशी त्याच वाटीत आवळ्याचा मुरंबा आला. ही वाटी आता आमच्यात अशीच फिरत राहणार असं दिसतं.

आमच्या कमिटीचे सचिव देवरावजी. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. फार हळुवार बोलतात. रोज सकाळी फिरून आले की माझ्याकडे रक्तदाब मोजून घेतात, कारण यंत्र माझ्याकडे आहे आणि डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतो. आज मी विचारलं, "अठरा नंबर कुणी घेतलंय का हो?"

"नाही, वहिनी. का?"

"माझी मैत्रीण आहे. शाळेपासूनची. अंजनगावच्या शाळेत गणित शिकवायची, एकटीच आहे."

"अहो, मग यात विचारायचं काय! शिक्षिका, त्यात तुमची मैत्रीण. आधी आठ दिवस पाहुणी म्हणून बोलवा. जागा आवडते का बघू द्या. मग अर्ज."

मी धावतच आत आले आणि फोन लावला. गजालाने आधी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "तुया कमिटीनं मले बोलावलं? पक्कं?"

"पक्कं!"

"बरं मंग. पायतो तुयं वायवंट."

तिचा पुतण्या सरफराज याचं लग्न एप्रिलमध्ये आहे. भावाच्या घरातली तिची माडीवरची खोली नव्या जोडप्याला द्यायची ठरली आहे. तिने स्वतःच देऊ केली. "कोनं मांगतली नाई, म्हनूनच द्या लागते," म्हणते.

२१ जानेवारी

गजाला आली! अंजनगावची एसटी थेट फाटकासमोर थांबते. ती उतरताना एका हाताने गुडघा धरून उतरली, ते पाहून मला उगीच रडू आलं. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पिशवीतून पानपिंपरीचा तिखट वास. त्यांच्या घरी तीन पिढ्या हाच धंदा: वेलीवरची पिंपरी वाळवायची आणि औषधवाल्यांना पाठवायची. त्यांच्या कापडांना, पुस्तकांना, आमच्या शाळेतल्या वह्यांनाही तोच वास असायचा.

फाटकावर रजिस्टर आहे. पाहुण्याचं नाव, कुणाकडे, किती दिवस. गजालाचा चष्मा पिशवीच्या तळाशी, म्हणून मीच लिहिलं. पेन क्षणभर अडलं, शाई सुकली असावी. मग मी लिहिलं: ग्रेसी. मुक्काम सतरा नंबर, आठ दिवस.

आमची ही नावं मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी ठेवलेली. मनकर्णा त्यांच्या जिभेला पेलेना म्हणून मोना. गजाला म्हणताना घसा अडायचा म्हणून ग्रेसी. शाळेच्या आठवणीत असले की अजूनही तेच नाव तोंडात येतं.

तोवर गजालाने पिशवीतून चष्मा काढून लावला होता. तिने रजिस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चंद्रभानभाऊंना म्हणाली, "या फाटकाले कुलूप लावता काय हो रात्री?"

"हाव, जी. दहाले."

"अन् मानूस आतच राह्यला तर?"

"तर सकाळी निंघते."

दोघंही हसले. वऱ्हाडी माणसाला दुसऱ्या वऱ्हाडी माणसाशी बोलताना ओळख लागत नाही.

२५ जानेवारी, रथसप्तमी

दुर्गाबाईंकडे हळदीकुंकू. मी जाणार नव्हते. हे गेल्यापासून मला कुणी बोलावलं नाही आणि मीही वाट पाहत नाही. पण दुर्गाबाई स्वतः आल्या. "इथं आपण तसलं काही पाळत नाही. विधवा नाही, सधवा नाही, जात नाही, पात नाही. सगळ्या बायकांना कुंकू. आणि तुमच्या ग्रेसीबाईंनाही आणा. त्यांना चालत असेल तर."

मला फार अभिमान वाटला. कुठे अमरावती आणि कुठे हे.

सगळ्यांना गजाला आवडली. तिने बायकांना वयाचं कोडं घातलं: जन्माचं वर्ष मनात धरा, त्याची दुप्पट करा, आणि असं काहीबाही, आणि शेवटी सगळ्यांची लपवलेली वयं बाहेर काढली. हशा पिकला. दुर्गाबाई म्हणाल्या, "मिशनरी शिक्षणाचा हाच फायदा. शिस्त, स्वच्छता, हुशारी." तिच्या कपाळावर कुंकू लावताना त्यांनी हनुवटी धरून चेहरा वर केला, आपल्या बहिणीला लावावं तसा.

घरी आल्यावर गजाला आरशासमोर बसून राहिली.

"धुवायचंय का?" मी विचारलं.

"राहू दे थोडा टाइम. तिनं मायेनं लावलं."

सूर्य कलताना तिने हातपाय धुतले, तोंड धुतलं. विचारलं, "पश्चिम कोन्या आंगाले?" मी कपाटाकडची भिंत दाखवली आणि दार ओढून घेऊन स्वयंपाकघरात गेले. वसतिगृहातही मी अशीच दारापाशी उभी राहायची, कुणी मध्येच आत येऊ नये म्हणून. ते सोनेरी ऊन खजुरांतून फटीफटीने येत होतं. किती शांत वाटलं. कुणी काळाला सांगावं, इथेच बस.

मग ती ओट्यावर आली आणि झाडांकडे बघत एकदम हसायला लागली. "मोना, हे खजुर, हे वायवंट, हे भिती! माया भावाले सांगतो, हजले जायची गरज नाई, सायंबनात ये म्हनाव."

"हळू," मी म्हणाले.

"काहून? हळू काहून?"

मी म्हटलं, दुर्गाबाई झोपल्या असतील. पाच वाजता कोण झोपतं, हे मात्र आत्ता लिहिताना सुचतंय.

२९ जानेवारी

गेली. अर्जाचा कागद घेऊन गेली. निघताना निरोप द्यायला सहा बायका फाटकापर्यंत. देवरावजी म्हणाले, "ग्रेसीबाई, अठरा नंबर तुमचंच समजा." बसच्या पायरीवरून तिने माझा हात धरला. "मोना, आठ दिस मस्त गेले. हेच लय झालं, असं समजशील?"

"म्हणजे काय? पंधरा दिवसांत कायमची येशील."

"हाव," ती म्हणाली. "तू अजून तशीच येडी हायेस वं."

७ फेब्रुवारी

अर्ज टपालाने आला. तिचं अक्षर बघून सिस्टरांची आठवण झाली, एकही अक्षर रेघेखाली नाही. गजाला शेख करीम, सेवानिवृत्त शिक्षिका, अंजनगाव सुर्जी. मी स्वतः देवरावजींच्या हाती दिला. त्यांनी वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"वहिनी, हा अर्ज दुसऱ्या कुणाचा आहे का?"

"नाही हो, ग्रेसीचाच. ते आमचं शाळेतलं नाव. खरं नाव हे."

"अस्सं." त्यांनी कागद उलटा ठेवला. "ठीक. कमिटीपुढे ठेवतो." मग मला चहा विचारला, दोनदा. रक्तदाबाचं यंत्र मी सोबत नेलं होतं, पण मोजून घ्यायचं विसरूनच गेले.

२२ फेब्रुवारी

कमिटीला गजालाचा रहिवासी दाखला हवा आहे. मी फोन केला, तिने पाठवला. मग शारीरिक क्षमतेचं प्रमाणपत्र. तेही पाठवलं. आता देवरावजी म्हणतात अठराची नळजोडणी राहिली आहे. गोडं पाणी अकोल्याहून नळाने येतं, जोडणीला वेळ लागतो, हे खरंच आहे. चांगल्या व्यवस्थेत सगळं रीतसर होतं. वेळ लागणारच.

नितेशला सांगितलं. तो म्हणाला, "आई, फार मागे लागू नकोस. त्यांनाही त्यांचे प्रश्न असतात."

"कसले?"

"असतात गं. तू नवीन आहेस तिथे."

९ मार्च

दुर्गाबाईंची वाटी आज मोलकरणीच्या हाती परत आली. घासलेली, पुसलेली, रिकामी. चार दिवसांपूर्वी मी त्यात साबुदाण्याची खीर दिली होती. त्यांना बरं नसावं. विचारायला गेले तर जाळीच्या दारातूनच म्हणाल्या, "कामात आहे जरा." हात पिठाचेही नव्हते.

दुपारी खिडकीतून भिंतीपलीकडच्या पांदणीच्या वाटेने माणसं जाताना दिसली, चाळीस-पन्नास, पांढऱ्या गांधी टोप्या. मला वाटलं वरात आहे. वाद्यं कशी नाहीत म्हणून कान दिला. मग समजलं, प्रेतयात्रा होती. चंद्रभानभाऊ फाटकाबाहेर जाऊन, टोपी काढून उभे होते. गावात शेतकऱ्याची या वर्षातली ही दुसरी आत्महत्या, म्हणाले. संध्याकाळच्या बैठकीत कुणीतरी सुचवलं की त्या बाजूला उंच अशोक लावावेत. त्या मातीत अशोक येत नाही, हे कळल्यावर विषय संपला.

२ एप्रिल

गजालाने माडीवरची खोली रिकामी केली. सध्या भावाच्या पिंपरीच्या गोदामामागे दोन खोल्या आहेत, तिथे राहते.

"मी आजच पुन्हा विचारते," मी फोनवर म्हणाले. "नळाचं झालं की..."

"मोना." ती मध्येच म्हणाली. "किती पाठवू कागद? आता फक्त माया मृत्यूचा दाखला राह्यला."

मी हसले. ती नाही हसली.

१४ एप्रिल

ऊन असं की दुपारी भिंत वितळून वाहील असं वाटतं. तिला पूर्वेकडून मोठी भेग गेली आहे, हात जाईल एवढी. गवंडी बुजवतात, महिन्याने पुन्हा फाटते. चंद्रभानभाऊ म्हणाले, "ही माती पावसात फुगते अन् उनात उकलते. या मातीत भित उभी करनारा पुन्याचाच पाहिजे."

आम्ही असे बोलत असतानाच एक मोठी गाडी आत गेली. मागे सामानाचा ट्रक. गाडी अठरा नंबरपुढे थांबली.

मी तशीच उन्हात उभी. "हे कोण?"

"नागपूरचे हायेत, बाई. सायेब अन् बाईसायेब."

"पण अठराची जोडणी... यादीत गजालाचा नंबर आधी..."

चंद्रभानभाऊंनी मला फाटकाच्या खोलीच्या सावलीत खुर्ची दिली. माठातलं पाणी दिलं. ते स्वतः उभेच राहिले.

"बाई, तुमाले खरंच मालूम नाई?"

"काय?"

"मले फाटकावर लावलं त्याच दिशी सांगतलं. त्याईच्यातला कोनी घर पाह्याले आला तर म्हनाचं, सारे घरं गेले. कागदावर काई नाई. तोंडी." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "त्या दिशी एसटीपाशी तुमी मैतरणीले गजाला म्हनून हाक मारली अन् रजिस्टरात दुसरं नाव लिवलं, तवा मले वाटलं, बाई हुशार हायेत. बराबर लिवलं."

माझ्या कानांत टिटवी ओरडत राहावी तसं काहीतरी वाजत राहिलं.

१५ एप्रिल

देवरावजी नेहमीच्या वेळी आले. मी पट्टा त्यांच्या दंडाला बांधला आणि विचारलं. यंत्र सुरू असताना माणसाला हलता येत नाही.

ते म्हणाले, "वहिनी, मला व्यक्तिशः काही नाही. ग्रेसीबाई... त्या उत्तमच आहेत. पण एकाला होकार दिला की दारं उघडतात. लोकांनी निर्धास्त राहायला घरं घेतलीत. तुमच्या नितेशलाही हे घर दाखवताना सगळी कल्पना दिली होती. त्यांनी सही करायच्या आधी स्वतःच विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

त्यांनी यंत्राकडे पाहिलं. यंत्राचा आकडा वर गेला होता. मी तो त्यांच्या वहीत लिहिला, कमी मीठ खा म्हणाले, आणि त्यांना दारापर्यंत सोडलं. किती चांगल्या सवयी लावल्या आहेत मला शाळेने.

दुपारभर पडून होते. नितेश लहानपणी गजालाच्या मांडीवर बसून पाढे शिकला. एकोणतीसचा पाढा तिनेच पाठ करून घेतला. "निवडून घेतात," तो म्हणाला, आणि मी खूश झाले.

१७ एप्रिल, अंजनगाव

एसटीने आले. दर्यापूर गेल्यावर हिरवं दिसू लागलं, केळी, पानमळे, आणि डोळ्यांना गार वाटलं. गोदामाच्या अंगणात पिंपरी वाळत घातलेली, सगळी हवा तिखट. गजाला खाटेवर बसून लग्नाच्या अक्रोडांची टरफलं फोडत होती. मला पाहून उठली नाही.

"आली? बस. पाय वर घे, पिंपरी तुडवशील."

"तुला माहीत होतं?"

"हाव."

"कधीपासून?"

"तू रजिस्टरात ग्रेसी लिवलं तवापासून."

मी म्हणाले, "ते सवयीने... शाळेतलं नाव..."

ती अक्रोड फोडत राहिली. आणि मला ते पेन आठवलं. शाई सुकली नव्हती. पुढच्याच क्षणी ग्रेसी हे नाव त्याच शाईने किती ठळक उमटलं होतं. माझा हात थांबला होता. माझ्या हाताला ठाऊक होतं, आणि मी हाताला विचारलं नाही.

"गजाला, बहुतेक मला माहीत होतं," मी म्हणाले. "मला माहीत होतं हे मला माहीत नव्हतं."

"सिस्टरच्या इंग्रजीसारखं बोलून राहिली," ती म्हणाली. पण हातातला दगड तिने खाली ठेवला. "मले राग नाई आला असं नाई. पयल्या रातीले लय आला. वाटलं, सकाळीच निंघून जावं. मंग तू चहा घेऊन आली, मी आलं जास्ती खातो हे तुले अजून ध्यानात होतं. म्हटलं, आठ दिस ग्रेसी होऊन पाहू. मोना, त्या बाया लय चांगल्या होत्या वं. तेच तर जास्ती लागलं."

मी पाय खाटेवर घेतले. मग मी म्हणाले, "या दोन खोल्यांपैकी एक मला दे."

ती अशी हसली की आतून तिचा भाऊ गयासुद्दीन बाहेर डोकावला. "तू? इथं? मी मटन शिजवतो. वासानं मरशील."

"तेवढा वेळ गच्चीवर जाईन."

"नितेश?"

"तो त्याचं पाहील."

"अन् आमच्या मोहल्ल्यात कमिटी नाई असं वाटते काय तुले? सामने बिस्मिल्लाबी राह्यते. सतरा सवाल करन. ही कोन, काहून आली, पोरानं हाकललं काय, नमाज पढते काय. आमचेबी लोक भिती बांधतात, मोना. आमच्या फक्त दिसत नाईत."

गयासुद्दीनभाई दारात उभे राहून डोकं खाजवत होते. "आपा, बाईजी मेहमान म्हनून कितीबी राहोत. पन कायमचं... चार लोक बोलतील. अन् त्याईच्या पोरानं केस केली तर?"

"तर मी स्टेशनात जाऊन सांगेन, की मी स्वतःच्या पायांनी आले," मी म्हणाले.

"आधी त्या बिस्मिल्लाबीले सांग," गजाला म्हणाली. "ते स्टेशनापेक्षा कठीन हाये."

तेवढ्यात त्या आल्याच, भिंतीवरून ऐकत असणार. कमरेवर हात. "गजाला, ये कौन?"

गजालाने माझ्याकडे पाहिलं. ती सांगणार नव्हती. मीच सांगायचं होतं.

"मी मनकर्णा," मी म्हणाले. "हिंदू आहे, विधवा आहे, मटण खात नाही. आमच्या वसाहतीत हिला घर देत नाहीत, म्हणून मी इथे राहायला येते आहे."

बिस्मिल्लाबींनी मला खालून वर पाहिलं. मग गजालाला म्हणाल्या, "इनको बोलो, सुबह छे बजे के बाद नल जाता." आणि गेल्या.

गजाला हसून हसून खोकायला लागली. "झाला तुया अर्ज मंजूर. महिनाभर राहून पाह्य. नाई जमलं तर एसटी हायेच."

"आणि तुला नाही जमलं तर?"

"तर मलेबी एसटी हाये," ती म्हणाली आणि अर्धा अक्रोड माझ्या तळहातावर ठेवला.

३० एप्रिल, सायंबन

उद्या सकाळच्या गाडीने निघते. परत येऊन आठ दिवस झाले, ते सांगावं की न सांगावं यात गेले. कुणाशी भांडायची सवय नाही. वाक्यं मनात इंग्रजीत तयार होतात आणि मग विरून जातात. शेवटी भांडण न करता कमिटीच्या नावाने चिठ्ठी ठेवायचं ठरवलं. ती आधी इथे कच्ची लिहून बघते.

शिवणयंत्र दुर्गाबाईंना द्यावं. त्यांना हवं होतं, त्यांनी कधी म्हटलं नाही. त्या नको म्हणतील. मग मोलकरणीच्या हाती पाठवावं. सुया छोट्या डबीत आहेत. तेलाची बाटली गळते, उभी ठेवावी.

रक्तदाबाचं यंत्र देवरावजींना. पट्टा डाव्या दंडाला बांधायचा, मोजताना बोलायचं नाही.

खाट, दोन्ही गाद्या, पंखा आणि लोखंडी कपाट चंद्रभानभाऊंना. हे सामान त्यांनी दिवसाढवळ्या पुढच्या फाटकातून न्यावं. फाटकावर अडवायचं काम त्यांचंच आहे, तरी कुणी त्यांना अडवलं तर ही चिठ्ठी दाखवावी. खाली माझी सही आहे, पूर्ण नावाने.

वाचनालयाला माझी इंग्रजी पुस्तकं देऊ नयेत. ती गजालाच्या शाळेत जातील. मी खोकं बांधून ठेवलं आहे, तेवढं बसवर चढवायला हात लावावा.

अठरा नंबरच्या नव्या बाईंना कढीपत्त्याची कुंडी. खारं पाणी घालू नये. त्यांचा काही दोष नाही.

यांचा फोटो आणि देव माझ्याबरोबर येतील.

घराची किल्ली नितेशला. तो सुट्टीत येईल तेव्हा द्यावी, कुरियरने पाठवू नये. त्याने स्वतः येऊन दार उघडावं. तो विचारेल, आई कशी होती जाताना. तुम्ही सगळी भली माणसं आहात, त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाल, हसत गेल्या हो, अगदी समाधानाने गेल्या. तसं सांगू नका. त्याला सांगा, आई रागावून गेली.